रिकाम्या बाजा

आषाढात तेलसांगवीत पटकी शिरली तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात सहा खाटा होत्या आणि पहिल्याच दिवशी माणसं आली त्याच्या कितीतरी पट. गावातले लोक तिला 'हगवन-वकारी' म्हणत, सरकारी कागदांत ती 'गॅस्ट्रो' होती. नाव काही का असेना, सकाळी औत धरून गेलेला माणूस दुपारी घरी यायचा तो डोळे खोल गेलेला, गालफडं बसलेला, स्वतःच्या बायकोलाही ओळखू न येणारा.

डॉक्टर अंबिका तेव्हा तिथं एकटीच डॉक्टर होती. तिनं रस्त्यापलीकडची शाळा मागून घेतली. दोन मोठ्या खोल्यांतले बाक बाहेर निघाले आणि घराघरांतून मागून आणलेल्या बाजा आत लागल्या. प्रत्येक बाजेच्या मधल्या दोऱ्या कापून भोक पाडलं, भोकाखाली बादली ठेवली. ज्याला उठवत नाही त्याला उठवायचं नाही, एवढाच त्यातला हिशेब. मग कलेक्टरांचा हुकूम आला. आठवडी बाजार बंद, जेवणावळी बंद, एस.टी. गावात थांबणार नाही. तेलसांगवीभोवती जणू कुणी बोराट्यांचं कुंपण लावून टाकलं.

श्रावण लागला तसा रोग ओसरला. शेवटचा पेशंट पायांनी चालत घरी गेला. पुढं दिवसांमागून दिवस गेले, नवीन कुणी आलं नाही, आणि पोळा तोंडावर आला तेव्हा बंदी उठली. पहिल्याच बाजाराला इतकी गर्दी लोटली की दवाखान्याच्या कंपाउंडात बैलगाड्या सुटल्या. लोक गोंडे घेत होते, वेसणी घेत होते, आणि महिनाभर न भेटलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

त्याच दिवशी परभणीहून आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांची जीप आली.

अंबिकाची परभणीला बदली झाल्याला दोन महिने होऊन गेले होते. पटकीमुळं तिला सोडलं नव्हतं. तिचा नवरा काशीनाथ परभणीला कॉलेजात शिकवायचा, मुलगी प्रमोदिनी पहिलीत होती. पमी तिचं घरातलं नाव. गेल्या तीन वर्षांत अंबिकानं पमीला वाढताना पाहिलं ते रविवारी-रविवारी, आणि आषाढापासून तर तेही नाही. तिनं ट्रंक भरून ठेवली होती. जीपचा आवाज आला तेव्हा तिच्या मनात पहिलं काय आलं असेल तर ते हेच, की आपण सुटलो.

साहेब भले गृहस्थ होते. शाळेतल्या दोन्ही खोल्या त्यांनी फिरून पाहिल्या. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, रिकाम्या बाजा, झाकलेले रांजण.

"छान काम केलंत," ते म्हणाले. "आता हा पसारा आवरा. शाळा मास्तरांना परत द्या. साथ संपली एवढं मला कळवा, म्हणजे मी तुम्हाला पुढच्या आठवड्यात मोकळं करतो. शेजारच्या केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन जातील."

अंबिका 'हो' म्हणणारच होती. पण तिची नजर खिडकीतून ओढ्याकडं गेली. ओढ्याच्या काठावर गावची मोठी विहीर होती. तिचा कठडा ओढ्याच्या अंगानं ढासळलेला होता, आणि जोराचा पाऊस आला की ओढ्याचं पाणी सरळ विहिरीत उतरायचं. आषाढात हेच झालं होतं. तेव्हापासून तिनं कठड्यासाठी दहा जणांचे उंबरे झिजवले होते. दगड येऊन पडले होते, पण गवंडी आला नव्हता.

"साहेब, विहीर तशीच आहे," ती म्हणाली. "पावसाळा अजून सरला नाही. आता पोळा, मग महालक्ष्म्या. गावोगावचे पाहुणे येतील, पंगती उठतील. बंदी होती तेव्हा रोग आला तरी गावातल्या गावात राहिला असता. आता तो आला तर कुठवर जाईल सांगता येत नाही. दसऱ्यापर्यंत वॉर्ड राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "राहू द्या म्हणता, ते बरोबरच आहे. पण डॉक्टरांशिवाय वॉर्ड कसा ठेवू? माझ्याकडं दुसरा माणूस नाही. वॉर्ड राहिला तर तुम्हालाही राहावं लागेल. आणि तोवर परभणीची जागा रिकामी ठेवतील की नाही, ते माझ्या हातात नाही." मग जरा थांबून म्हणाले, "साथ संपली म्हणालात तर कुणी तुम्हाला खोटं म्हणणार नाही. एकही पेशंट नाही. निर्णय तुमचा."

निर्णय तिच्यावर सोडला नसता तर बरं झालं असतं. त्यांनी हुकूम केला असता तर ती चरफडत का होईना, ट्रंक उचलून गेली असती. एस.टी.त बसून रडली असती आणि घरी पोचेपर्यंत विसरली असती. पण दार उघडं ठेवून ते बाजूला उभे राहिले, आणि तिला त्या दारातून जाता येईना.

"राहते," ती म्हणाली. जीप गेल्यावर तिनं स्वतःलाच मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या.

रविवारी ती देवगाव फाट्याला गेली. काशीनाथला तिनं निरोप धाडला होता की पमीला घेऊन फाट्यापर्यंतच या, गावात आणू नका. फाट्यावरच्या हॉटेलासमोर बाकडं होतं, त्यावर तिघं बसली. तेलसांगवीची गाडी परत निघेपर्यंत तासाभराचा अवधी होता.

पमी आधी लाजली. मग मांडीवर येऊन बसली आणि तिनं आईच्या हातांचा वास घेतला. "दवाखान्याचा वास येतोय."

"धुतलेत गं. पुन्हा पुन्हा धुतलेत."

हॉटेलवाल्यानं काचेच्या बरणीतून लालभडक सरबत कुणाला तरी ओतून दिलं. पमीनं बोट दाखवलं. अंबिका म्हणाली, "ते नको. बाहेरचं पाणी आहे." पमीनं हट्ट धरला. अंबिकानं पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढली. पमीनं ती ढकलली, बाटली मातीत पडली आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तासातली बरीच मिनिटं अशी रडण्यात गेली.

काशीनाथ शांत माणूस होता. आवाज चढवत नसे, त्यामुळं त्याचं बोलणं जास्त लागायचं. "सध्या किती पेशंट आहेत?" त्यानं विचारलं.

"एकही नाही."

"गेल्या आठवड्यात?"

"नव्हता."

"मग तू कुणाची राखण करते आहेस, अंबिका?"

तिनं विहिरीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, महालक्ष्म्यांचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "हे सगळं खरं असेल," तो म्हणाला. "पण हे दरवर्षीच खरं असणार आहे. दरवर्षी पाऊस येणार, दरवर्षी महालक्ष्म्या बसणार. तू कधी येणार?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला ती जागा राहील?"

गाडी आली. पमी बापाच्या खांद्यावर झोपून गेली होती. अंबिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उचलला. गाडीत बसल्यावर तिनं मुद्दाम मागं पाहिलं नाही.

पोळा झाला. काही झालं नाही. पाऊसही उघडला होता, लख्ख ऊन पडत होतं, आणि त्या उन्हात शाळेतल्या रिकाम्या बाजा फारच खुळ्या दिसत होत्या. अंबिका आणि सरजाबाई रोज सकाळी पाणी उकळायच्या, रांजणात भरायच्या, मीठ-साखरेचं पाणी कालवून तयार ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ओतून द्यायच्या. सरजाबाई म्हणजे दवाखान्यातली आया, मूळची पालमची. लहानपणी तिच्या घरातली माणसं याच रोगानं गेलेली होती, म्हणून ती तक्रार न करता ओतत होती. पण गावातल्या बायकांना साखर अशी मोरीत जाताना बघवत नव्हती.

"सणासुदीला आमाला साकर मिळंना," एकजण ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "आन् ह्या बया साकर वताय लागल्यात."

मुख्याध्यापक विष्णुपंत रोज सकाळी येऊन दारात उभे राहत. बंदी होती तोवर पोरं घरीच होती. आता त्यांची शाळा मारुतीच्या देवळात भरत होती. तिथं शेळ्या बसत, पारावर पत्ते खेळणारे बसत, आणि मधोमध चौथीचा वर्ग पाढे म्हणे. विष्णुपंत कधी भांडले नाहीत. "काही नाही, बाई, सहज आलो," म्हणत आणि एकदा फळ्याकडं बघून परत जात. फळ्याला दोरी बांधून अंबिकानं सलाइनच्या बाटल्या टांगायची सोय केलेली होती. ते भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

सरपंच दिनकरराव मात्र भांडायलाच आले. धिप्पाड माणूस, बोलायला फटकळ, पण आषाढात यांनीच आपला ट्रॅक्टर मढी न्यायला दिला होता.

"बाई, लोकं बाजा वापस मागायलेत. पाव्हणे यायलेत घरोघर, त्यांना निजवावं कुठं?"

"दिनकरराव, त्या बाजांना भोकं पाडलीत. पाहुणे कसे निजतील?"

"दोऱ्या विणून घेतील. तुमी द्या तर. अवो, साथ गेली, बाजार भरायलाय, समदं सुरळीत झालं. तुमीच का अडून बसलाव? मागं लोकं काय बोलायलेत, म्हाईत हाय का? म्हणायलेत, बाई रोगाला आवतन देऊन बसलीय. दार उघडं ठिवलं की तो येनारच."

"आणि विहिरीचा कठडा?"

"गवंडी महालक्ष्म्या झाल्याबिगर यायचा न्हाई. त्यालाबी घरदार हाय."

"मलाही आहे," अंबिका पटकन बोलून गेली. दिनकररावांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते निघून गेले.

पण खरी गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. एक दिवस दुपारी ओढ्याकडून एक माणूस पळत येताना दिसला. धोतराचा सोगा हातात धरलेला, घामानं निथळलेला. अंबिका वॉर्डाच्या पायरीवर उभी होती. त्याला बघितल्याबरोबर तिच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि ते दुःख नव्हतं. ती खूश झाली होती. आला, शेवटी एकजण आला, आता कुणी हसणार नाही, आता काशीनाथला सांगता येईल. तो माणूस दवाखान्यावरून तसाच पुढं पळत गेला. त्याची म्हैस सुटली होती.

अंबिका पायरीवर बसून राहिली. आपण डॉक्टर असून माणसं आजारी पडण्याची वाट बघतोय, हे तिला कळून चुकलं होतं. ती वॉर्डाची राखण करत नव्हती. वॉर्डच तिला धरून बसला होता. तो भरल्याशिवाय ती खरी ठरत नव्हती आणि तो बंद केल्याशिवाय तिला घर दिसत नव्हतं. दोन्ही वाटांच्या तोंडाशी तीच उभी होती.

त्याच संध्याकाळी तिनं विष्णुपंतांना बोलावून एक खोली परत दिली. पोरांनी बाक आत नेले. पलीकडच्या खोलीत पुन्हा पाढे सुरू झाले आणि भिंतीच्या अलीकडं अर्ध्याच बाजा उरल्या. महालक्ष्म्या झाल्या की दुसरीही खोली द्यायची आणि साहेबांना कळवून टाकायचं, असं तिनं ठरवलं. ठरवल्यावर तिला दोन दिवस झोप चांगली लागली.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी दुपारी पाऊस आला. असा आला की ओढा कुठला आणि शेत कुठलं कळेना. घरोघरी पंगती बसलेल्या, पुरणावरणाचं ताट पुढ्यात, आणि घागरी भरून आणल्या त्या ओढ्याकाठच्या विहिरीतून. अंबिकानं आरोग्य सेवकाला पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर घेऊन विहिरीकडं पिटाळलं होतं, पण विहिरीत गढूळ पाण्याचा लोंढाच उतरत होता. पावडर टाकावी आणि वाहून जावी, असं चाललं होतं.

महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी सकाळी ओढ्याच्या अलीकडच्या वस्तीवरून पहिली गाडी आली. गाडी हाकत होता मुंजाजी, वस्तीवरचा तरणाताठा शेतकरी. मागं गोधडीत त्याची आई बायनाबाई. तिचे डोळे अर्धे मिटलेले, हात थंडगार.

"पहाटपून चालू हाय, बाई. पानी ठरना पोटात."

अंबिकानं नाडी पाहिली. मनगटाला लागत नव्हती. तिनं दंडात सुई घातली, बाटली टांगली, आणि मान वर करून पाहिलं तर मुंजाजी गाडीकडं परत निघाला होता.

"कुठं चाललात? थांबा, तुमचीही तब्येत बघते."

"मला काई न्हाई झालं. वस्तीवर अजून माणसं पडलीत. झरीहून भैन आलीय माझी, तीबी पडलीय. घेऊन येतो."

त्याचा चेहरा तिला बरा दिसला नव्हता. ओठ सुकलेले होते. पण बायनाबाईच्या बाजेखालची बादली भरत होती, आणि ती वळेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती.

दुपारपर्यंत गावातूनही माणसं यायला लागली. पाठीवर घालून, सायकलवर बसवून, दोघांच्या खांद्यांवर. उरलेल्या अर्ध्या बाजा भरल्या. पलीकडच्या खोलीत विष्णुपंत शिकवत होते. ते एकदा दारात आले, आत बघितलं, आणि काही न विचारता परत फिरले.

"दप्तरं उचला," ते म्हणाले. "घरी जा. आणि घरी गेल्यावर उकळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. आईला म्हणावं, मास्तरांनी सांगितलंय." मग त्यांनी स्वतःच बाकाचं एक टोक धरलं आणि ओढत बाहेर काढलं.

अंबिकाकडं सलाइन होतं, पण एवढ्यांना पुरेल इतकं नव्हतं. तिनं परभणीला फोन लावायला पोस्टात माणूस पाठवला. तो परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. लाइन लागली होती, साहेब माल द्यायला तयारही होते, पण त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. ठिकठिकाणी रस्ते अडवलेले, एस.टी. डेपोतच उभ्या. फाट्यापर्यंत काही आलं असतं तरी पुढं ओढ्याला पूर होता. आषाढात हुकमानं कुंपण घातलं होतं. आता पाण्यानं आणि बंदनं घातलं.

तिनं सरजाबाईला हाक मारली. "बाटली फक्त ज्याची नाडी लागत नाही त्याला. बाकी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी. वाटीनं, चमच्यानं. ओकले तरी पुन्हा पाजायचं. थांबायचं नाही."

प्रत्येक बाजेशी घरचं एक माणूस बसवलं आणि त्याच्या हातात वाटी दिली. इतके दिवस मोरीत जाणारं ते पाणी आता रांजणातून तळापर्यंत उपसलं जात होतं. साखरेवरून बोलणारी बाईही तिथंच होती, आपल्या सासऱ्याच्या तोंडाशी वाटी धरून. दिनकरराव ट्रॅक्टरभर लाकडं घेऊन आले, शाळेच्या आवारात तीन चुली पेटवल्या आणि विहिरीवर दोन गडी काठ्या देऊन उभे केले. कुणी घागर घेऊन आलं की ते गडी त्याला माघारी पाठवत. अंबिकाशी त्यांची नजरानजर झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आजून काय लागंल ते सांगा."

मुंजाजीनं दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला गाडी आली तेव्हा बैल आपोआप चालत आले होते आणि तो जुवाच्या मागं आडवा झालेला होता. गाडीत त्याची बहीण होती, शेजारची दोन माणसं होती. त्यांना आणताना त्यानं स्वतःचं काहीच कुणाला सांगितलं नव्हतं. पहाटेपासून त्यालाही चालू होतं, हे त्याच्या बहिणीनं सांगितलं. आईला बाज मिळेपर्यंत बोलायचं नाही, मग वस्तीवरची माणसं पोचेपर्यंत बोलायचं नाही, असं करत त्यानं दिवस काढला होता.

अंबिकानं त्याच्या दोन्ही हातांना बाटल्या लावल्या. हातांच्या शिरा बसून पाणी जाईना तेव्हा घोट्याजवळ कापून सुई घातली. तिनं हातानं बाटली दाबून पाणी आत ढकललं. सरजाबाई त्याचे तळवे चोळत होती. पलीकडच्याच बाजेवर बायनाबाई होती. तिला सकाळपासून पाणी मिळालं होतं, आता तिचे डोळे उघडले होते आणि ती मान वळवून बघत होती.

"मुंजा," ती म्हणाली. "मुंजा हाय का रं तो?"

दिवस मावळायच्या आत मुंजाजी गेला.

अंबिकाला बसायला सवड नव्हती. तिनं त्याच्या हातातल्या सुया काढल्या, त्याच्यावर धोतर ओढलं, आणि पुढच्या बाजेकडं वळली.

बंद संपला, पूर ओसरला, परभणीची जीप औषधं आणि आणखी एक डॉक्टर घेऊन आली. पुढचा आठवडा तसाच गेला, पण पहिल्या दिवसासारखा दिवस पुन्हा आला नाही. वस्तीवरून, गावातून, पाहुण्यांतून मिळून जेवढे आले तेवढे सगळे घरी परत गेले. एक सोडून.

दसऱ्याच्या आधी दोन्ही खोल्या रिकाम्या करून, चुना मारून विष्णुपंतांच्या हवाली केल्या. गवंडी आला, विहिरीचा कठडा उभा राहिला. आणि एका दुपारी शाळेच्या आवारात दिनकररावांनी सत्कार ठेवला. मांडव घातला, परभणीहून साहेबांना आणलं. अंबिकाला वाटलं, हा निरोपाचा सत्कार. ती छान साडी नेसली. परभणीची जागा अजून रिकामी असल्याचं तिला कळलं होतं, आणि काशीनाथला तिनं कळवून टाकलं होतं की सोमवारी येते.

साहेब बोलले. तयारी म्हणजे काय हे या केंद्रानं जिल्ह्याला दाखवलं, असं म्हणाले. विष्णुपंत बोलले. मग दिनकरराव उठले.

"मंडळी, आषाढात आपली किती माणसं गेली ते समद्यांना म्हाईत हाय. आन् भादव्यात? एकच. एकच गेला! का? तर आपल्या बाई हटून बसल्या म्हनून. मी सोता त्यांना वॉर्ड मोडा म्हनालो व्हतो, मला आज त्याची शरम वाटायलीय. मंग आमी ठरवलं. ह्या बाईला गावातून जाऊ द्यायचं न्हाई. मी परभणीला गेलो, आमदार सायबांना भेटलो, वरपर्यंत गेलो. आन् सांगायला लय आनंद वाटायलाय की बाईंची बदली रद्द झाली! आता बाई आपल्यापाशीच!"

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लोक उठून उभे राहिले. कुणी हलगी वाजवली. दिनकररावांनी आपल्या हातांनी अंबिकाच्या गळ्यात हार घातला. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकं खरं प्रेम तिनं कुणाच्या डोळ्यांत क्वचितच पाहिलं होतं, आणि त्यामुळंच तिला ओरडताही येईना.

तिनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नजर खाली घातली. "काल कळलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "आता निदान दोन वर्षं काही होणार नाही. वरूनच झालंय."

तिनं हात जोडले. बोला बोला म्हणून लोक ओरडत होते. ती 'आभारी आहे' एवढंच म्हणाली आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडली.

शाळेच्या मागं लिंबाखाली बायनाबाई बसली होती. सत्काराला वस्तीवरची सगळी माणसं आली होती, तिलाही आणलं होतं, पण मांडवात ती बसली नव्हती. एका मुलाच्या जिवाची गोष्ट 'एकच गेला' म्हणून टाळ्यांत निघून गेली, ती तिनं इथून ऐकली असणार. अंबिका तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. हार तिच्या मांडीवर गोळा झाला.

मग बायनाबाई म्हणाली, "तुमाला लेकरू हाय म्हनं, बाई."

"आहे. मुलगी आहे. परभणीला असते."

"मंग तुमी गेल्या का न्हाई?"

इतक्या दिवसांत गावात कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. अंबिकाला एकदम हुंदका फुटला. पदर तोंडावर धरून ती रडली, अगदी फाट्यावर पमी रडली होती तशी, आवाज करून. हलगीमुळं तो कुणाला ऐकू गेला नाही.

"मला कुणी सोडलं नाही, बायनाबाई," ती म्हणाली.

म्हातारी समोर बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"मला तरी कोन सोडलं?" ती म्हणाली. "माजा मुंजा चालला व्हता, मीबी निघाले व्हते त्याच्यासंगं. तुमीच न्हाई सोडलं."

अंबिकानं म्हातारीचा हात धरला. सवयीनं तिची बोटं मनगटावर गेली, आणि तिथं नाडी लागत होती, चांगली ठणठणीत. मांडवात आता जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली होती. कुणीतरी बाईंना शोधत हाका मारत होतं. बायनाबाईनं हात सोडवून घेतला नाही, आणि अंबिकाही उठली नाही.